रोजाला नोबेलचं सर्टिफिकेट कशाला?

रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधी तो फोटो मोबाइलवर येतो. पांढरी दाढी, चष्मा, शांत चेहऱ्याचा एक जपानी माणूस. खाली मजकूर असा, की या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं कारण रोजा ठेवल्याने शरीर कॅन्सरच्या पेशी स्वतःच खाऊन टाकतं हे त्याने सिद्ध केलं. मग सुबहानल्लाह, मग हात जोडलेली चिन्हं, मग दहा जणांना पाठवायची ताकीद. शिरूरच्या आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर मागच्या रमजानात हा फोटो मी सात वेळा मोजला. सात वेळा कुणी ना कुणी "माशाअल्लाह" लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आज हा लेख.

माझे खालू दौंडला असतात. रेल्वेतून रिटायर झालेले, वय चौसष्ट, बारा वर्षांपासून शुगर. साखर खाली आणणारी गोळी रोज चालू. इतकी वर्षं ते सहरीला उठायचे, भाकरी-दूध खायचे, रोजा ठेवायचे आणि निभावून जायचं. मागच्या वर्षी त्यांनी सहरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, "बेटा, सोला घंटे होने दे, फिर मशीन चालू होती." त्यांच्याकडे आलेल्या फॉरवर्डमध्ये सोळा तासांचा हिशोब होता. पहाटे खाल्लं तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, म्हणून तरावीहनंतर जेवायचं आणि थेट इफ्तार. गोळी मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली.

सातव्या रोजाला दुपारी तीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते खालाला ओळखेनात. खालाने तोंडात साखरेचं पाणी घातलं, शेजारच्यांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर ४१ होती. आम्ही न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. डोळ्यांत पाणी होतं, पण ते आजारपणाचं नव्हतं. रोजा तुटला म्हणून ते रडत होते.

दोस्तांनो, फॉरवर्ड पाठवणाऱ्याला वाटतं की तो दीनची खिदमत करतोय. प्रत्यक्षात काय झालं बघा. सहरी खा, त्यात बरकत आहे, हा रसूलुल्लाह सल्लल्लाहू अलैहि व सल्लम यांचा सल्ला आपण मदरशात पहिल्या वर्षी शिकतो. रोजा "विज्ञानाने सिद्ध" करण्याच्या नादात एका नेक माणसाने तीच सुन्नत सोडली. आणि विज्ञानाने सोळा तासांचं असं काही सांगितलेलंच नव्हतं.

ओसुमींनी नेमकं काय केलं?

फोटोतल्या माणसाचं नाव योशिनोरी ओसुमी. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचाच काही भाग पचवणं. हा शब्द १९६३ साली बेल्जियमच्या ख्रिश्चन डी ड्यूव्ह यांनी रुजवला. पेशीच्या आत पचनाची एक पिशवी असते, लायसोसोम. तीही त्यांचीच शोधलेली, आणि त्या कामासाठी १९७४ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र ही प्रक्रिया कोणत्या जनुकांवर चालते हे पुढची तीस वर्षं जवळजवळ अंधारात होतं.

ओसुमींनी निवडलं यीस्ट. पाव फुगवणारं, डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय यीस्ट. पचवणारी एन्झाइमं नसलेली यीस्टची जात त्यांनी घेतली, तिला उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही तासांत पेशीतल्या पचनाच्या पिशवीत बारीक बारीक गोळे साठू लागले. पेशी स्वतःचा माल आत आणत होती, पण तो पचत नव्हता, म्हणून तो डोळ्यांना दिसला. हे काम १९९२ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हजारो बिघडलेल्या यीस्टमधून या प्रक्रियेला लागणारी पंधरा जनुकं वेगळी काढली. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी नोबेल जाहीर झालं ते याचं, ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडल्याचं.

यात माणूस नाही, रोजा नाही, कॅन्सर बरा झाल्याचा दावाही नाही. हे ज्याला छोटं वाटतं त्याला विज्ञान कशाशी खातात हेच कळलेलं नाही. एक माणूस वर्षानुवर्षं यीस्टकडे बघत बसला, कारण त्याला कुतूहल होतं. त्यातून अख्खी शाखा उभी राहिली. आपण त्याच्या फोटोखाली आपल्याला हवं ते वाक्य चिकटवलं. याला आपल्याकडे बोहतान म्हणतात. न बोललेली गोष्ट कुणाच्या तोंडी घालणं गुनाह आहे, मग तो माणूस जपानी का असेना.

बटण नाही, ब्रेक आहे

फॉरवर्डची सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याने ऑटोफॅजीला बटण समजलंय. उपाशी राहिलं की चालू, खाल्लं की बंद, जितकं जास्त तितकं चांगलं. पेशीत असं नसतं.

दौंड तालुक्यातलं गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन समजेल. चुलवाणात चिपाड किती टाकायचं हे कढईकडे बघून ठरतं. जाळ कमी पडला तर रस आटत नाही, जास्त झाला तर गूळ करपतो. गुळव्याची नजर सतत रसावर असते. पेशीतही असे गुळवे आहेत, आणि एक नाही, अनेक.

त्यातला मुख्य म्हणजे एमटॉर नावाचं प्रथिनांचं संकुल. त्याच्या शोधाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली कॅनडातून एक तुकडी ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूमधून आपल्या उपखंडातून तिकडे गेलेले शास्त्रज्ञ सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औषध वेगळं केलं. बेटाच्या स्थानिक नावावरून त्याचं नाव पडलं रॅपामायसिन. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. हे औषध पेशीतल्या ज्या प्रथिनावर काम करतं त्याला पुढे नाव मिळालं टॉर, म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. सस्तन प्राण्यांत तेच एमटॉर.

हे संकुल लायसोसोमच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि तिथून हिशोब ठेवतं. ल्युसीन हे अमिनो आम्ल आहे की नाही हे त्याला सेस्ट्रिन-२ नावाचं प्रथिन सांगतं, आर्जिनीनची खबर कॅस्टर-१ देतं. रक्तात इन्सुलिन वाढलं की तो निरोप वेगळ्या साखळीने येतो. माल भरपूर आहे असं कळलं की एमटॉर यूएलके-१ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून त्याला दाबून ठेवतो. यूएलके-१ म्हणजे ऑटोफॅजीची पहिली किल्ली. माल आटला की एमटॉरची पकड सुटते, किल्ली फिरते आणि पुढची प्रथिनं एकापाठोपाठ कामाला लागतात. बेक्लिन-१ असलेलं दुसरं संकुल पडद्यावर खूण करतं. मग एलसी-३ नावाचं प्रथिन त्या पडद्याला चिकटतं. पडदा वाकतो, जुनाट माल वेढतो आणि बंद पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते. एमटॉर ढिला पडला की टीएफईबी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून नव्या लायसोसोमची तयारीही सुरू करतं.

आता महत्त्वाचं ऐका. उपासमार लांबली की पचलेल्या मालातून अमिनो आम्लं सुटतात, आणि तीच एमटॉरला पुन्हा जागं करतात. ब्रेक परत लागतो. २०१० साली हे दाखवलं गेलं. म्हणजे पेशी स्वतःच म्हणते, आता पुरे. "जास्त तास म्हणजे जास्त फायदा" हा हिशोब तिथेच मोडतो.

सोळा तासांचं काय? ऑटोफॅजी कमी-अधिक प्रमाणात सगळ्या पेशींत सतत चालूच असते. यकृतात वेगळी, स्नायूत वेगळी, मेंदूत आणखी वेगळी. २००४ साली नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने चमकणाऱ्या एलसी-३ च्या उंदरांना उपाशी ठेवून हे तपासलं. अनेक अवयवांत ती वाढली, मेंदूत जवळजवळ वाढलीच नाही. आणि उंदराचा एक दिवसाचा उपास म्हणजे माणसाचा एक दिवस नव्हे. एवढ्या वेळात उंदराच्या वजनाचा मोठा हिस्सा उतरतो. माणसात अमुक तासांनी ऑटोफॅजीचा काटा वर चढतो असं कुठल्याही प्रयोगाने ठरवलेलं नाही. जिवंत माणसाच्या यकृतातली ऑटोफॅजी मोजायची सोपी रक्ततपासणीही नाही. शिरूरच्या लॅबमध्ये ती नाही, मुंबईच्याही नाही.

आणि फक्त उपासानेच ती वाढते असंही नाही. २०१२ साली बेथ लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना पट्ट्यावर पळवलं, तर अर्ध्या तासात स्नायूंतली ऑटोफॅजी वाढलेली दिसली. मग सकाळी घोडनदीच्या काठाने पळणाऱ्या पोरांना रोजाचं सवाब द्यायचं का?

कॅन्सरचं नाव इतकं हलकं घेऊ नका

फॉरवर्डमधला कॅन्सरचा दावा सगळ्यात घातक आहे, कारण आपल्या मोहल्ल्यात असं एकही घर नाही ज्याने हा आजार पाहिला नाही. १९९९ साली बेथ लेव्हिन यांनीच दाखवलं की बेक्लिन-१ गाठ रोखायला मदत करतं. एवढंच उचललं तर फॉरवर्ड खरा वाटेल. पण एकदा गाठ तयार झाली की अनेकदा तीच ऑटोफॅजी तिच्या कामी येते. गाठीच्या आत रक्तपुरवठा कमी असतो, तिथल्या पेशी उपाशी असतात आणि स्वतःचा माल वितळवून जगतात. २०११ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या कामात दिसलं की या गाठी ऑटोफॅजीच्या आधारावर वाढतात. म्हणून केमोबरोबर ऑटोफॅजी अडवणारं औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या झाल्या. ते औषध म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कोविडच्या काळात सगळ्यांना तोंडपाठ झालेलं.

केमो घेणाऱ्या कुणा खालाला तुम्ही हा फोटो पाठवला आणि तिने औषध बाजूला ठेवून उपास धरला, तर जबाबदारी कुणाची? "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे उत्तर चालणार नाही. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटण्याबद्दल हदीसमध्ये काय इशारा आहे तो आपल्याला माहीत आहे.

खुंटी हलली तर?

काही दोस्त म्हणतील, चूक असेल थोडी, पण हेतू चांगला आहे. पोरं रोजाकडे वळतात ना?

मला हेतूचीच भीती वाटते. एएमपीके नावाचं एक प्रथिन आहे, पेशीतली ऊर्जा कमी झाली की जागं होणारं. २०११ सालच्या गाजलेल्या कामाने सांगितलं की ते यूएलके-१ ला चालना देतं आणि ऑटोफॅजी सुरू करतं. दहा-बारा वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. २०२३ साली आलेल्या कामाने म्हटलं की ग्लुकोज आटतं तेव्हा एएमपीके उलट ऑटोफॅजीला आवर घालतं. वाद अजून चालू आहे. शास्त्रज्ञांना याची लाज नाही, ते याला काम म्हणतात. पण तुम्ही तुमचा ईमान २०११ च्या आकृतीवर टांगला असेल तर २०२३ साली काय कराल? हलणाऱ्या खुंटीवर अंगरखा टांगावा, अकीदा नाही.

शिवाय ही खुंटी आपल्या एकट्याची नाही. आषाढी एकादशीला हाच फोटो माझ्या वर्गमित्राच्या ग्रुपवर येतो, फक्त खालचं वाक्य बदललेलं असतं. पर्युषणात जैन मित्राकडे येतो. एकाच यीस्टने तीन धर्म सिद्ध केले म्हणायचे का? प्रत्येकाला वाटतं नोबेल आपल्यालाच मिळालं.

कुरआनने रोजाचं कारण सांगितलंय, आणि ते तकवा आहे. सूरह बकराच्या १८३ व्या आयतीत ते येतं. तिथे पेशी नाहीत, वजन नाही, आयुष्य वाढवायचं वचन नाही. लगेच पुढच्या दोन आयतींत आजारी आणि मुसाफिराला सूट आहे. रसूलुल्लाहांनी सहाबांना न सोडता सलग रोजे धरण्यापासून रोखलं आणि इफ्तारला उशीर न करण्याची ताकीद दिली. आता मला मोह होतो म्हणायचा की बघा, पेशीतला ब्रेक चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितला होता. नाही म्हणणार. तसं म्हटलं तर मीही तोच फोटो वाटणारा झालो. ती सूट माणसावरच्या रहमतीची आहे आणि तिला एमटॉरची साक्ष लागत नाही.

उद्या कुणी पक्कं सिद्ध केलं की रोजाने शरीराला काडीचा फायदा नाही, तर तुम्ही रोजा सोडाल? नाही ना? मग ओसुमींना त्रास का?

मग आपण काय करायचं?

पहिलं, शुगरचा विषय गंभीरपणे घ्या. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. २००४ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम रुग्णांचा अभ्यास छापून आला. टाइप-२ असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते, आणि त्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागेल इतकी साखर उतरण्याचं प्रमाण साडेसात पटीने वाढलं होतं. खालू एकटे नाहीत.

म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी अब्बा-अम्मींना डॉक्टरकडे न्या. गोळीची वेळ आणि मात्रा बदलावी लागते, ती तुम्ही किंवा ग्रुपने ठरवायची नसते. रोजात बोटाला टोचून साखर बघा. त्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर आकड्याचीही वाट बघायची नाही. आपल्या मशिदीतल्या इमाम साहेबांना विनंती करा, रमजानआधीच्या एका जुम्याला एवढंच बोला.

दुसरं, त्या फोटोला उत्तर द्या. भांडू नका. दोन ओळी लिहा, की हे काम यीस्टवर होतं, शुगरवाल्यांनी सहरी सोडू नये. मी गप्प बसलो त्याची किंमत पाहिली.

तिसरं तुमच्यासाठी, ज्यांची बारावी सायन्स चालू आहे त्यांच्यासाठी. ओसुमींच्या एक वर्ष आधी, २०१५ साली, रसायनशास्त्राचं नोबेल अझीझ संजार यांना मिळालं. पेशी आपला बिघडलेला डीएनए कसा दुरुस्त करते हे उलगडणाऱ्या तिघांपैकी ते एक. तुर्कस्तानातल्या सावूर या छोट्या गावातलं मुस्लिम घर, आठ भावंडांतलं सातवं मूल, आईबाप निरक्षर पण पोरांच्या शिक्षणासाठी झटणारे. हे घर आपल्याला ओळखीचं आहे की नाही? तरी त्यांचा फोटो तुमच्या ग्रुपवर एकदाही आला नसेल. कारण त्यांच्या कामातून आपल्याला सर्टिफिकेट मिळत नाही, फक्त अभ्यास करावा लागतो.

शिरूरच्या बोरा कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या पोरीला पुण्याच्या विद्यापीठ परिसरातली राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था किंवा पाषाणची आयसर दोन तासांच्या आत आहे. दौंडहून तर थेट रेल्वे आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात रवी मंजिठाय यांची प्रयोगशाळा याच विषयावर, यीस्टपासून सुरुवात करून, काम करते. एमटॉर, यूएलके-१, एलसी-३ ही नावं तुम्हाला परकी वाटली असतील तर ती वहीत उतरवा. त्यातली अर्धी कोडी अजून सुटायची आहेत, आणि ती सोडवायला कुणी तुमचा मजहब विचारणार नाही.

खालूंनी या वर्षी आधी डॉक्टरांना विचारलं, मग इमाम साहेबांना. दोघांचं उत्तर एकच आलं. त्यांनी रोजे ठेवले नाहीत, प्रत्येक दिवसाचा फिदिया दिला. इफ्तारच्या वेळी ते दस्तरखानावर आमच्याबरोबर बसले, खजूर वाटली, दुआ मागितली. पहिल्या दिवशी त्यांना शरम वाटत होती. तेव्हा खाला म्हणाली, "सूट अल्लाहने दी है, मोबाइल ने नहीं."